शिफ्ट लेन्स लावली तरी मनोरा कलतोय? आधी कॅमेरा ओळंब्यात आणा

मामांची जुनी 35 मिमी एफ/2.8 पीसी-निक्कॉर, म्हणजे निकॉनची शिफ्ट लेन्स, तुम्ही अ‍ॅडॅप्टरने फुल-फ्रेम मिररलेसला लावलीत, कोल्हापूरच्या न्यू पॅलेसचे फोटो काढलेत, तरी घड्याळाचा मनोरा मागे कललेलाच आणि फ्रेमागणिक एक्सपोजर वेगळं. म्हणून लेन्स विकू का, असं विचारलंय. विकू नका. लेन्स ठणठणीत आहे, चुकतोय तो क्रम.

तुम्ही कॅमेरा वर उचलून मनोरा फ्रेममध्ये बसवला आणि मग लेन्सवरचा शिफ्टचा नॉब फिरवला असणार. नॉब लेन्सला सेन्सरच्या समांतर सरकवतो, कललेला कॅमेरा तो सरळ करत नाही. गवंडी भिंत चढवायच्या आधी ओळंबा सोडतो ना, तसंच इथे. कॅमेऱ्यातली लेव्हल चालू करून सेन्सर भिंतीला समांतर आणा. मनोऱ्याचं टोक कापलं जाईल, अर्धी फ्रेम अंगणानेच भरेल. भरू द्या. आता नॉब फिरवा. अंगण खाली सरकत जातं, मनोरा वरून सरळच्या सरळ आत उतरतो. व्ह्यूफाइंडरमध्ये हे पहिल्यांदा पाहाल तेव्हा लेन्स विकायचा विचार सुटेल.

किती फरक पडतो? भिंतीपासून 30 मीटरवर, कॅमेरा दीड मीटर उंचीवर धरा. आडव्या फ्रेममध्ये शिफ्टशिवाय जेमतेम 12 मीटर उंचीपर्यंतचं दिसतं. पूर्ण 11 मिमी शिफ्टला 21 मीटरपर्यंतचं. तरी टोक येत नसेल तर मागे सरका, पण कॅमेरा उचलू नका. उभ्या फ्रेममध्ये 8 मिमीच्या आसपास थांबा, पुढे वरचे कोपरे काळवंडतात.

आता एक्सपोजर. ही लेन्स प्रीसेट आहे: एका कड्यावर छिद्र (अ‍ॅपर्चर) ठरवायचं, दुसऱ्याने उघडबंद करायचं. उघडून फोकस करा, मग एफ/8 किंवा एफ/11 ला बंद करा, शिफ्ट शून्यावर असतानाच कॅमेऱ्याचा प्रकाशमीटर वाचा, मॅन्युअलवर शटर पक्का करा आणि मगच नॉबला हात लावा. शिफ्ट दिल्यावर मीटरवर भरवसा ठेवायचा नाही. फिल्मच्या दिवसांत भवानी मंडपात मी आधी शिफ्ट, मग मीटर असं करत गेलो. 36 पैकी एकही फ्रेम धड आली नाही. त्यात न्यू पॅलेसचा दगड काळा. मीटर त्याला करडा करू पाहतो, म्हणून रीडिंगपेक्षा एखादा स्टॉप कमी, म्हणजे निम्मा प्रकाश द्या.

शिफ्ट फक्त वरच द्यायची असं नाही. लेन्स गोल फिरते, दर 30 अंशांवर खटके आहेत. महाद्वार रोडवर एका वाड्याच्या दारासमोर विजेचा खांब येत होता. मी चार पावलं डावीकडे गेलो, कॅमेरा भिंतीला समांतरच ठेवला आणि शिफ्ट उजवीकडे दिली. खांब बाजूला गेला, दार समोरून काढल्यासारखंच आलं.

सॉफ्टवेअरमध्येही रेषा सरळ होतात, मान्य. पण वरचा भाग ताणला जातो, कडा कापाव्या लागतात आणि नेमका कळस फ्रेमबाहेर जातो. मला तरी जागेवरच चौकट पक्की झालेली हवी असते.

सरावाला खिद्रापूरला जा. तिथल्या कोपेश्वर मंदिराच्या स्वर्गमंडपात 48 खांब आहेत आणि छताला मधोमध गोल मोकळं आकाश. एखादा खांब अर्धा अंश जरी कलला तरी शेजारचा लगेच चुगली करतो. ट्रायपॉड न्यायचा असेल तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढा. हातात धरूनही जमतं, फक्त शिफ्ट देताना लेव्हल हलते, म्हणून नॉब फिरवून झाला की ती पुन्हा बघा. आणि सगळी शिफ्ट वापरायलाच हवी असं नाही. जवळून उंच खांब अगदी काटकोनात आणला की तो वर रुंदावल्यासारखा वाटतो. तिथे मी शिफ्ट थोडी कमी देतो, कॅमेरा किंचित वर करतो आणि खांबाला जरासा कल राहू देतो.