गावाची लोकसंख्या ९०० आहे, तरी वरच्या वाडीला पक्का रस्ता का नाही?

कारण प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत मोजतात ती वस्ती, महसुली गाव नव्हे. २००० साली आलेल्या या योजनेत सपाट भागात ५०० आणि डोंगरी राज्यांत व आदिवासी भागात २५० लोकवस्ती असा निकष होता, आणि लोकसंख्या धरली ती २००१ च्या जनगणनेची. सह्याद्रीत गोची इथेच होते: गाव कागदावर मोठं, पण वर सड्यावरची धनगरवाडी शे-दीडशे माणसांची. एसटी फाट्यावर सोडते, पुढे डोक्यावर बोचकं घेऊन चढण.

जिल्हा जनगणना पुस्तिका काढून बघा. गावनिहाय लोकसंख्येसोबत बस आहे का, नसल्यास ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० की त्याहून लांब, हे त्यात असतं. अर्थात ही नोंदही अख्ख्या गावाची. त्यामुळे वाडीचा वेगळा उल्लेख करून ग्रामसभेत ठराव घ्या.