कारवीचं फूल आणि वारुळावरची अळंबी

तुम्ही विचारलंय, कारवी सात वर्षांनी फुलते तशी वारुळावरची अळंबीही ठरावीक वर्षीच उगवते का, आणि दोन्ही तोडल्यानं सारखंच नुकसान होतं का. दोन्हींची उत्तरं 'नाही' अशीच आहेत.

कारवी हे झुडूप. सात वर्षं नुसतं पानांनी वाढतं, आठव्या पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा करतं आणि बी धरून मरतं. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २००८ साली फुलली, मग थेट २०१६ साली. फुलं गळाली की बोंडं झुडपावरच वाळतात आणि पुढच्या वर्षी पहिल्या पावसाचे थेंब पडले की तडतड फुटून बी उडवतात. जूनमध्ये कारवीच्या रानात उभं राहून हा आवाज एकदा तरी ऐकाच. म्हणजे फुलांचा गुच्छ तोडलात, तर त्या झुडपाची आयुष्यातली एकुलती एक संधी गेली. घराच्या कुडाच्या भिंतींसाठी कारवीच्या काठ्या तोडणारी जुनी माणसंही बी पडून गेल्यावर वाळलेलीच कारवी आणायची.

अळंबी मुळात वनस्पतीच नाही, ती बुरशी. तिचा खरा देह वारुळाच्या पोटात असतो. वाळवी पालापाचोळा, लाकूड चावून आत स्पंजासारखे पोळे रचते, त्यावर ही बुरशी वाढते आणि वाळवी तीच खाते. दोघींचं एकमेकींवाचून चालत नाही, म्हणून ही अळंबी बाजारातल्या धिंगरी अळंबीसारखी शेडमध्ये पिकवता येत नाही. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे बुरशीचं फळ. पाऊस आणि उकाडा जमला की दरवर्षी त्याच जागी येते. हलक्या हातानं उपटून पाहा: देठाखाली मुळासारखं लांब, निमुळतं शेपूट खोल पोळ्यापर्यंत गेलेलं असतं.

ही छत्री काढल्यानं बुरशी मरत नाही. मरते ती वारूळ खणल्यानं. माझी आजी कोयता घरीच ठेवायला लावायची आणि उमललेल्या चार-पाच छत्र्या तशाच सोडायची. गोव्यात आणि तळकोकणात रस्त्याकडेला पानांत बांधून विकायला येतात, त्यांत कळ्याच जास्त दिसतात तेव्हा जीव तुटतो. कळी काढली की बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, पडायचेच राहतात.

आणि खाण्याबद्दल: टोपीखालच्या पाकळ्यांसारख्या पडद्यांना हिरवट छटा असलेली, गवतात येणारी पांढरी छत्री विषारी असते. फोटोवरून मी कुणालाच 'खा' म्हणणार नाही. गावातल्या जाणत्या माणसाच्या हाती देऊनच खात्री करा.

कारवीकडे मात्र नुसतं बघायचं. तिच्या फुलोऱ्याच्या वर्षी मधमाश्या दाट, काळसर मध करतात, तो मिळाला तर जरूर घ्या.