सात मुलांच्या वर्गाची टक्केवारी

शाळांतल्या चाचणीचे गुण ऑनलाइन भरून झाले की पंधरा दिवसांत त्या गुणांचं काय करायचं असं विचारणारी शिक्षक-पालकांची पत्रं माझ्याकडे येऊ लागतात. शाळा बदलतात, तालुके बदलतात, गोंधळ मात्र दर वर्षी तोच. यंदा सगळी पत्रं एका बैठकीत वाचली. ज्यांचं उत्तर एका वाक्यात होतं त्यांना एकच वाक्य दिलं आहे. राग मानू नये.

निकालाच्या विश्लेषणासाठी एक्सेल चांगलं की गुगल शीट? (शिक्षक, गुहागर)

शाळेतल्या निदान दोघांना जे चालवता येतं, ते.

परीक्षेला न आलेल्या मुलाला शून्य द्यायचं का? लावणीच्या दिवसांत आमच्याकडे चार-पाच जण हमखास नसतात. (शिक्षिका, श्रीवर्धन)

नाही. शून्य म्हणजे मूल पेपरला बसलं आणि त्याला काही आलं नाही. गैरहजर म्हणजे त्याच्याबद्दल आपल्यालाच काही कळलं नाही. सरासरीचं सूत्र रिकामा चौकोन सोडून देतं, शून्य मात्र हिशेबात धरतं, त्यामुळे पाच शून्यं अख्खा वर्ग खाली ओढतात. चौकोनात 'गैह' लिहा आणि मुलं परतली की त्याच आठवड्यात त्यांची चाचणी घ्या. शीटमध्ये गैरहजर दाखवून विषय मिटत नाही, हे सांगावं लागतं याचं मला वाईट वाटतं.

'सरल' या सरकारी विद्यार्थी-नोंदणी पोर्टलवरचे विद्यार्थी आयडी एक्सेलमध्ये चिकटवले की आकडे विचित्र दिसतात आणि शेवटी शून्यं येतात. कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे का? (लिपिक, माध्यमिक शाळा, कणकवली)

व्हायरस नाही. एक्सेल कोणताही आकडा पहिल्या १५ अंकांपर्यंतच नीट सांभाळतं. तुमचा आयडी १९ अंकी. शेवटचे चार अंक शून्य होतात आणि वेगवेगळी मुलं एकाच आयडीची होऊन बसतात. आधी रकाना निवडून तो 'टेक्स्ट' करा, मग आयडी चिकटवा. उलट क्रमाने केलंत तर गेलेले अंक परत येत नाहीत, म्हणून बिघडलेली फाइल हाताने दुरुस्त करत बसू नका. यादी पुन्हा उतरवून घ्या.

आयडीचा कंटाळा करून नावावरून याद्या जुळवणारे बरेच आहेत. एका यादीत 'आर्या', दुसरीत 'आर्या सुनील', तिसरी श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी. कशी जुळणार? गुण भरताना अंकही इंग्रजीच ठेवा. देवनागरी अंकांना एक्सेल बहुतेकदा मजकूर समजतं आणि बेरजेतून मुकाट्याने वगळतं, चूक म्हणून दाखवतही नाही. तरीही अडलं तर शिक्षकांना मदत करणाऱ्या तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या जाणकाराला फाइलच दाखवा. फोनवर वर्णन करून हे सुटत नाही.

आमची वाडीवरची द्विशिक्षकी शाळा. चौथीत सात मुलं. वर्षारंभीच्या पायाभूत चाचणीत गणितात ८६ टक्के मुलांना निम्म्याहून जास्त गुण होते, सत्राअखेरच्या संकलित चाचणीत ते प्रमाण ५७ टक्क्यांवर आलं. आलेखात आमची शाळा लाल झाली, बैठकीत खुलासा मागितला, पालकही विचारू लागले. आमचं काय चुकलं? (शिक्षिका, लांजा तालुका)

बाई, सातातली सहा म्हणजे ८६ टक्के आणि सातातली चार म्हणजे ५७ टक्के. तुमच्या वर्गात एक मूल म्हणजे चौदा टक्के. दोन मुलांचा पेपर बिघडला, एवढंच घडलं आहे. एक ताप घेऊन बसलं असेल, दुसऱ्याच्या घरी भातकापणी चालू असेल, किंवा दोघांनाही खरंच भागाकार आला नसेल. यातलं काय झालं ते आलेख सांगत नाही. दोघांना समोर बसवलं तर दहा मिनिटांत कळेल.

हीच दोन मुलं शहरातल्या सत्तर पटाच्या वर्गात असती तर तीन टक्केही हलले नसते आणि ती शाळा हिरवीच राहिली असती. आलेखाला रंग कळतो, पट कळत नाही. आपल्याकडे डोंगर, खाडी, पऱ्या आड येतात म्हणून वाडीवाडीला शाळा काढाव्या लागल्या आणि त्यांतल्या कित्येकींचा पट आज विसाच्या खाली आहे. अशा शाळांचे टक्के दर चाचणीला खाली-वर होणारच, तिथे कोणी काही केलं असो वा नसो. तालुक्याची क्रमवारी काढून पाहा. सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या, दोन्ही टोकांना लहान शाळाच भेटतील. पुढच्या वर्षी त्यांतल्या बऱ्याच जागा बदललेल्या असतील. मी स्वतः एकदा अशा पहिल्या आलेल्या शाळेच्या गुरुजींना शाल आणि नारळ दिला होता. पुढच्या वर्षी त्याच गुरुजींना खुलासा लिहावा लागला. दोन्ही वर्षी ते एकाच पद्धतीने शिकवत होते. त्यांनी तो खुलासा मला वाचून दाखवला तेव्हा मान वर करता येईना.

दुसरं, या दोन चाचण्यांचे पेपर वेगळे असतात. पायाभूत चाचणी साधारणपणे मागच्या इयत्तेवर असते, संकलित चालू इयत्तेवर. भरतीच्या वेळी एका बंदरात पाणी मोजायचं, ओहोटीला दुसऱ्या बंदरात, आणि समुद्र आटला म्हणायचं, तसलाच हा हिशेब. टक्के वाढले म्हणून पेढे वाटणाऱ्यांनाही हे लागू आहे.

तिसरं, सरासरी. पाच मुलांना पंचविसापैकी २०, १८, १७, १६ आणि ४ गुण पडले तर सरासरी १५ येते. पंधरा गुणांचं मूल वर्गात एकही नाही! चौघं त्याच्या वर आहेत आणि एक पार खाली. सरासरी पाहून 'वर्ग ठीक' असं लिहून मोकळे होतो तेव्हा ते चार गुणांचं मूल कागदावरून नाहीसं होतं. मधला गुण काढलात तर १७ येतो. तो वर्गाबद्दल जरा खरं बोलतो, त्या पाचव्या मुलाबद्दल मात्र तोही काही सांगत नाही.

चौथं, सात मुलं तीच होती का? आंबाबागेतल्या राखणदारांची, मच्छीमार बोटींवरच्या खलाशांची मुलं हंगामाप्रमाणे येतात आणि जातात. त्यांतल्या कित्येकांच्या घरची भाषा नेपाळी. एक मूल गेलं, एक नवीन आलं, की दोन चाचण्यांमध्ये तुम्ही दोन वेगळे वर्ग मोजताय. तुलना करायचीच असेल तर दोन्ही चाचण्यांना बसलेल्या मुलांचीच करा.

आता काय करायचं? दहाबारा मुलांच्या आतल्या वर्गाची टक्केवारी काढूच नका. 'सातपैकी सहा', 'सातपैकी चार' असं लिहा. एका पानावर सात ओळी आखा, ओळीत मूल आणि रकान्यांत प्रश्न, आणि जिथे चुकलं तिथे खूण. याला ना अ‍ॅप लागतं ना वीज. वरून टक्के मागितलेच तर द्या, पण शेजारी पट लिहिल्याशिवाय देऊ नका. कल दाखवायचा असेल तर तीन वर्षांच्या चौथीतली मुलं एकत्र धरा. वीसेक होतील, आणि तरीही जपून बोला. आणि आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना उत्तरपत्रिका घेऊन बैठकीच्या आधी भेटा. बैठकीत पडद्यावर लाल रंग झळकल्यावर कोणी कोणाचं ऐकत नाही.

प्रश्ननिहाय नोंद करायला सांगता, पण अडतीस मुलं आणि वीस प्रश्न म्हणजे साडेसातशे चौकोन. एवढा वेळ कोणाकडे आहे? (शिक्षक, अलिबाग)

७६०. गुणाकार तरी पूर्ण करा.

सगळे प्रश्न नकोत. ज्यांवर पुढचा धडा उभा आहे असे पाच घ्या आणि बरोबर-चूक न लिहिता मुलाने लिहिलेलं उत्तरच भरा. उदाहरणार्थ, ५०३ वजा २७८. बरोबर उत्तर २२५. नऊ मुलांनी ३७५ लिहिलं असेल तर ते अंदाजपंचे नाही. पाचातून दोन, सातातून शून्य, आठातून तीन, असं प्रत्येक ठिकाणी मोठ्यातून लहान वजा केलं आहे. त्या मुलांना वजाबाकी येते, हातचा कळलेला नाही. दोन दिवस दशक-सुट्ट्यांच्या काड्या काढा. ज्यांनी २३५ लिहिलं त्यांना हातचा माहीत आहे, फक्त घेतलेला पुढे कमी करायचा राहिला. त्यांना काड्या देऊन उपयोग नाही. गुणपत्रकात दोघांनाही भोपळाच. एकच उत्तर किती जणांनी लिहिलं ते मोजायला एक्सेलमधला साधा पिव्होट टेबल, म्हणजे आपोआप मोजणी करून देणारा तक्ता, पुरतो.

मात्र हे आठवड्याच्या आत करा. गेल्या वर्षी एका शाळेने मला पायाभूत चाचणीचं विश्लेषण फेब्रुवारीत पाठवलं. रंगीत होतं, बांधलेलं होतं. ती मुलं तोवर अपूर्णांकात अडकली होती.

परख सर्वेक्षणातला आमच्या शाळेचा निकाल कुठे पाहायचा? (मुख्याध्यापक, देवगड)

कुठेच नाही. ४ डिसेंबर २०२४ ला देशभर तिसरी, सहावी आणि नववीची झालेली ती नमुना पाहणी होती, म्हणजे निवडक शाळांतल्या निवडक मुलांचीच. ती जिल्ह्याबद्दल बोलते, शाळेबद्दल किंवा मुलाबद्दल नाही.

एक कंपनी आमच्या संस्थेला 'एआय विश्लेषण' देते आहे. प्रत्येक मुलाचा अहवाल, करिअरचा अंदाज, शिवाय बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता चाचणी मोफत. पहिलं वर्ष फुकट. घ्यावं का? (संस्था सदस्य, चिपळूण)

बोटांच्या ठशांवरून बुद्धिमत्ता कळते याला शास्त्रीय आधार नाही. ते विकणारा दारात आला की उरलेला अहवाल किती खरा असेल याचाही अंदाज बांधावा.

बाकी तीन गोष्टी विचारा. गुण कोण भरणार? उत्तर 'तुमचे शिक्षक' असं असतं, म्हणजे काम तुमचं आणि बिल त्यांचं. करार संपल्यावर सगळी माहिती साध्या फाइलमध्ये परत मिळणार का? इथे विक्रेता हमखास खोकतो. पहिलं वर्ष फुकट असतं ते याचसाठी. दुसऱ्या वर्षी तुमचे गुण त्यांच्या कुलुपात असतात. आणि मुलांची माहिती कुठे ठेवणार, कोणाला देणार? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक जण मूल आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची तरतूद आहे. तुमच्या शाळेला त्यातलं नेमकं काय आणि कधीपासून लागू होतं ते संस्थेच्या वकिलाला विचारा, विक्रेत्याला नव्हे. सही त्यानंतर.

सहावीतल्या मुलाच्या करिअरच्या अंदाजाबद्दल मी काही लिहीत नाही. संपादकांनी भाषा जपायला सांगितली आहे.

कोकण बोर्ड दर वर्षी राज्यात पहिलं येतं. मग दहावीच्या मुलांच्या चाचण्यांचं एवढं विश्लेषण कशाला? (पालक, रत्नागिरी)

२०२५ मध्ये कोकण विभागाचा दहावीचा निकाल ९८.८२ टक्के लागला. आनंद आहे. पण जवळजवळ सगळेच पास होतात तिथे 'पास' या शब्दातून काही कळेनासं होतं. ३५ वालाही त्यात आहे आणि ९५ वालाही. पस्तिसावर सुटलेल्या मुलाला अकरावी सायन्सला घालण्याआधी त्याचे लेखी ८० पैकीचे गुण वेगळे काढून पाहा. अंतर्गत वीस गुण बहुतेकांना भरघोस असतात. मग त्याच्या गणिताच्या सरांना भेटा. क्लासवाल्यांना नंतर.

एका मुलीची वाचनाची रेघ तीन चाचण्या खालीच आहे, तोंडी मात्र हुशार. शेजारच्या शाळेतले सर म्हणाले, हा डिस्लेक्सियाच. प्रगतिपुस्तकात तशी नोंद करू का? (शिक्षिका, वेंगुर्ला)

मुळीच नाही. आलेखावरून आजाराचं नाव ठेवणारे सर त्यांच्याच शाळेत राहू द्या.

आधी तिला फळ्यावरचं दिसतं का पाहा. चष्म्याविना वर्षं काढलेली मुलं मी पाहिली आहेत. मग कान. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाला तिचं नाव आवर्जून सांगा. घरी मालवणी बोलणारं मूल पुस्तकी मराठीत अडखळतं, तेही डोक्यात असू द्या. तिला घरच्या भाषेतली एखादी गजाल लिहून वाचायला द्या. एवढं करूनही रेघ खालीच राहिली तर तिन्ही उत्तरपत्रिका घेऊन तालुक्याच्या विशेष शिक्षकांना भेटा. पुढची तपासणी कुठे आणि कशी ते सांगतील. निदान तज्ज्ञ करतील. पण तीन चाचण्या थांबलात, चौथ्या चाचणीची वाट पाहू नका.

वर्गाचे गुण पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले तर चालतील का? (शिक्षक, मुरुड)

नाही. ज्याचे त्याला.

गुण भरायची लिंक शेवटच्या दिवशी चालतच नाही. काय करावं? (शिक्षक, राजापूर)

शेवटच्या दिवशी भरू नये.

मागच्या वर्षांचे गुण कुठे जपून ठेवावेत? (मुख्याध्यापक, मंडणगड)

तुमच्याकडून हा प्रश्न यावा हे बरं झालं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात तुमच्या भागातल्या शाळांचे पत्रे उडाले तेव्हा कपाटातली रजिस्टरं भिजून त्यांचा लगदा झाला, आणि बंद पडलेला कॉम्प्युटर त्याच खोलीत होता. एक प्रत शाळेच्या ईमेलवर, एक पेनड्राइव्हवर. दोन्हींना पासवर्ड, आणि तो मुख्याध्यापकांसोबत आणखी एका शिक्षकाला ठाऊक असू द्या, नाहीतर बदली झाली की गुणही बदलीवर जातात. पेनड्राइव्ह शाळेत ठेवू नका. मिरगाआधी एकदा उघडून पाहा, दमट हवेत ते मुकाट्याने मरतात.