वाचकांचे प्रश्न : तारांकनाला जोडलेला प्रत्यय

प्रश्न : स्फिंक्समध्ये (साध्या मजकुरातून मार्गदर्शिकेची पाने तयार करणाऱ्या साधनात) मराठी मार्गदर्शिका लिहिताना ‘*फाइल*मध्ये’ असे लिहिले, तर तिरपा ठसा मिळत नाही, उलट तिरप्या मजकुराची सुरुवात आहे पण शेवट नाही, अशी सूचना येते. शेवटचे तारांकन तर स्पष्ट दिसते आहे.

उत्तर : तारांकन तुम्हाला दिसते, पण स्फिंक्सच्या पोटातील डॉक्युटिल्स (मजकुरातील खुणा वाचणारी प्रणाली) त्याला शेवट मानत नाही. त्याच्या रेग्युलर एक्स्प्रेशनला (मजकुरातील नमुना शोधणाऱ्या सूत्राला) शेवटच्या तारांकनानंतर मोकळी जागा, विरामचिन्ह किंवा मजकुराचा अंत हवा असतो. इंग्रजीत ‘मध्ये’ हा वेगळा शब्द असल्याने ही अट सहसा खुपत नाही. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो आणि तिथेच गाडी अडते. उपाय सोपा आहे : तारांकनानंतर उलटी तिरकी रेघ व एक मोकळी जागा द्यावी, म्हणजे ‘*फाइल*\ मध्ये’. छापील पानात ती जागा उरत नाही.

सूचनेतील ओळ क्रमांक परिच्छेदाच्या पहिल्या ओळीचा असतो, म्हणून चूक त्याच ओळीत शोधत बसू नये. सूचना आली हे खरे तर नशीबच, कारण ‘*फाइल*मध्ये व *फोल्डर* उघडा’ असे लिहिल्यास पार्सर (खुणा ओळखणारा डॉक्युटिल्सचा भाग) पुढे शोधत जाऊन ‘फोल्डर’नंतरच्या तारांकनाला शेवट मानतो आणि मधला सगळा मजकूर, दोन तारांकनांसह, निमूटपणे तिरपा करतो. अशी चूक तयार पान वाचल्यावरच सापडते.