नववीच्या मुलांकडून मोबाइलवर व्हिडिओ करून घेतले तर इंग्रजी खरंच सुधारतं का?

सुधारतं, पण कॅमेऱ्यामुळे नव्हे, रीटेकमुळे. एरवी तेच वाक्य पुन्हा म्हणायला सांगितलं की पोरं कुरकुरतात. इथे मात्र 'शी हॅव'चं 'शी हॅज' होईपर्यंत स्वतःहून परत परत बोलतात. विषय घरचाच द्या: आजी भाकरी कशी थापते, सायकलचं पंक्चर कसं काढतात. दीड मिनिट पुरे. चौघांत एक फोन, आणि बोलायचं चौघांनीही. नाहीतर इंग्रजी येणारी एकटीच बोलते, बाकीचे फोन धरून उभे. शूटिंग रिकाम्या वर्गात करा, मैदानात वाऱ्याने आवाजाची वाट लागते. एडिटिंगच्या नादी मात्र लागू नका, तासच्या तास जातात आणि इंग्रजी जिथल्या तिथे. यूट्यूबवर टाकणार असाल तर आधी पालकांची लेखी परवानगी घ्या.