कीटक आवडतात? मग रसायनशास्त्र पक्कं करा

प्रश्न : मुलीची दहावी झाली, आता अकरावीचा फॉर्म भरायचा आहे. सोसायटीच्या कुंपणाबाहेर रुईचं झुडूप आहे, तिथे अळ्या बघत ती तासन्‌तास बसते. झाडं आणि कीटक रसायनांतून कसे बोलतात, तेच शिकायचं म्हणते. गणित नको, नुसतं बायोलॉजी हवं. आम्ही फार्मसी सुचवली तर रुसली. यात पोटापाण्याचं काय?
– एक आई, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : ताई, रुईपाशी बसते म्हणून तिला ओरडू नका. त्या बहुधा प्लेन टायगर फुलपाखराच्या अळ्या असणार. रुईच्या चिकात हृदयावर परिणाम करणारं विष असतं. अळी आधी पान कुरतडून चीक वाहू देते आणि मगच पुढचं खाते. शिवाय तेच विष अंगात साठवून पक्ष्यांना नकोशी होते. डॅनाईड एगफ्लाय या दुसऱ्या फुलपाखराची मादी तर स्वतः बिनविषारी असूनही प्लेन टायगरसारखी दिसते आणि फुकटात वाचते. चीक वाहताना पाहिला का, एवढं लेकीला विचारा.

गणित सोडायला मात्र माझा ठाम नकार. या विषयाचं दार रसायनशास्त्राचं आहे. रेशीमकिड्याची मादी ज्या वासाने नराला बोलावते तो 1959 साली ओळखला गेला. ते काम करणारे बुटेनांट कीटकतज्ज्ञ नव्हते, रसायनशास्त्राचं नोबेल मिळवलेले शास्त्रज्ञ होते. त्यासाठी सुमारे 5 लाख माद्या लागल्या आणि वीसेक वर्षं गेली. आजही प्रयोगशाळेत काय करतात? पतंगाची मिशी (वास घेणारी स्पर्शिका) दोन इलेक्ट्रोडमध्ये बसवतात आणि गॅस क्रोमॅटोग्राफ या मिश्रणातली रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रातून सुटा होऊन येणारा एकेक वास तिच्यावरून सोडतात. जिथे मिशीचा सिग्नल उसळतो, ते रसायन कामाचं. पुढे ते कोणतं हे ओळखायचं, बनवायचं आणि आकडेवारीने सिद्ध करायचं. यात फुलपाखरामागे धावणं थोडं, मशीनसमोर बसणं फार.

म्हणून पीसीएमबी, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि बायोलॉजी, घ्या. बारावीनंतर पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेसाठी आयएटी ही प्रवेश परीक्षा, मुंबईत कलिन्याच्या सीईबीएस या विज्ञान संस्थेसाठी नेस्ट ही परीक्षा. आयएटीत गणिताचा वेगळा विभागच असतो. यापैकी काही जमलं नाही तरी ठाण्यातच चांगल्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बीएस्सी करता येते. शेतीकडे ओढा असेल तर दापोलीचं कृषी विद्यापीठ. फार्मसीही वाईट नाही, वनस्पतींची रसायनं तिथेही शिकवतात, पण रुसलेल्या मुलीला ढकलून पाठवू नका.

आता पोटापाणी. कपाशीच्या गुलाबी बोंडअळीसाठी शेतकरी कामगंध सापळे (मादीच्या वासाने नराला पकडणारे) लावतात, त्यातली ल्यूर, म्हणजे वासाचं आमिष, बनवणाऱ्या कंपन्या आहेत, पण तिथल्या जागा मोजक्याच. खरं संशोधन करायचं तर पीएचडीशिवाय गत्यंतर नाही. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना 37,000 रुपये अधिक घरभाडं. म्हणजे पंचविशीतही ‘अजून शिकतेच आहे’ हे नातेवाइकांना सांगत बसावं लागेल, त्याची तयारी ठेवा. उलट बाजूने पाहा, तुर्भे-महापे पट्ट्यातल्या औषध आणि रसायन कंपन्यांच्या क्यूसी (मालाचा दर्जा तपासणाऱ्या) लॅबमध्ये हेच क्रोमॅटोग्राफ चालतात. एमएस्सी केमिस्ट्री झालेली मुलगी तिथे उपाशी राहत नाही. नुसत्या कीटकशास्त्राला ठाण्यात-नवी मुंबईत असा आधार नाही, हे माझं रोखठोक मत.

फॉर्म भरायच्या आत एक काम तिला द्या. तुळशीत मिथाईल युजेनॉल नावाचं रसायन असतं, त्याच्या वासाने आंब्यावरच्या फळमाशीचे नर खेचले जातात. भोकं पाडलेल्या दोन बाटल्या आंब्याच्या झाडाला टांगायच्या : एकीत तुळशीची ताजी चुरगळलेली पानं, दुसरीत कडुनिंबाची. रोज सकाळी पानं बदलून माश्या मोजायच्या. पोटाच्या टोकाला अणकुचीदार अंडनलिका असेल ती मादी, नसेल तो नर. तारीख, संख्या, नर-मादी, पाऊस पडला का, सगळं वहीत. ज्या दिवशी शून्य, त्या दिवशी शून्यच लिहायचं. बाटल्यांच्या जागा दर दोन दिवसांनी का बदलायच्या, हे तिचं तिलाच शोधू द्या.

महिनाभर वही न चुकता भरली तर मागे हटू नका. आठवड्यातच कंटाळली तर फार्मसीचा विषय पुन्हा काढा, या वेळी ती ऐकेल.