गिटार लगेच विकत घेऊ नकोस

अरे फर्स्ट इयरला प्रत्येकाला कसलं ना कसलं खूळ लागतंच, लागू दे, फक्त पहिल्याच आठवड्यात पैसे ओतू नकोस. मी गिटार घेतली होती, जी, सी, डी हे कॉर्ड (म्हणजे काही सूर एकदम वाजवायचे) जमले, मग आला एफ, पहिल्या बोटाने सहाच्या सहा तारा एकदम दाबायच्या, बोटांची पार वाट लागली आणि गिटार गेली कपाटावर. आधी कुणाची तरी उसनी घेऊन महिनाभर वाजवून बघ.

त्यापेक्षा रुबिक क्यूब बरा, १९७४ सालचं खेळणं पण अजून वेड लावतं, बोअर लेक्चरला बाकाखाली फिरवता येतो (आवाज होतो हां, मी पकडला गेलोय). नुसते मूव्ह पाठ करू नको, मधले चौकोन आपसात जागा बदलत नाहीत, बाजूचा रंग त्यावरूनच ठरतो, हे एकदा डोक्यात बसलं की पहिला थर तुझा तुला लागेल. माझा पूर्ण क्यूब पहिल्यांदा लागला तेव्हा रात्रीचे दोन वाजलेले, रूममेटला हलवून उठवलं तर त्याने उशी फेकून मारली.

तेही खूळ दोन महिन्यांत उतरलं. सध्या लायब्ररीतली खिडकीजवळची, ऊन येणारी खुर्ची पकडायचं वेड आहे, पण ती हवी असेल तर उघडायच्या आधी दारात उभा राहा.